रांजण फोडणारे दोघे

एकदा एका पाठशाळेतून एका विद्यार्थ्याला हात बांधून कोतवालीत नेलं, आणि त्यात दोष आचार्यांचा होता. शिपायांचा नाही, नशिबाचा नाही, पोराच्या आईबापांचा तर मुळीच नाही. आचार्यांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अशा गोष्टींत म्हातारा शेवटी शहाणा निघतो, मग ऐकणारे माना डोलावतात आणि सुरुवातीला काय झालं होतं ते विसरून जेवायला जातात.

आचार्य शहाणे होते, याबद्दल वाद नाही. नदीकाठच्या त्या नगरात त्यांच्याइतकं वाचलेला दुसरा माणूस नव्हता. त्यांची पाठशाळा मोठी होती, दोनशे विद्यार्थी तिथे राहून शिकत. आणि त्या पाठशाळेच्या दरवाजाशी एक उंच काठी रोवलेली होती.

काठीची हकिगत अशी. बावीस वर्षांपूर्वी पाठशाळेवर दरोडा पडला होता. दरोडेखोरांनी एका शिक्षकाच्या गळ्याला सुरी लावली आणि त्याच्याच तोंडून बाहेर सांगायला लावलं की आत सगळं ठीक आहे, कुणी येऊ नका. तेव्हा आचार्यांनी कोतवालाशी बसून एक नेम ठरवला. संकट आलं की काठीवर तांबडं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की शिपायांनी आत यायचं, ज्याच्याकडे बोट दाखवलं जाईल त्याला धरायचं, काही विचारत बसायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, फडकं एकदा बांधलं की बांधणाऱ्यानेही ते माघारी घ्यायचं नाही. घेतलंच तर ते सुरीच्या धाकाने घेतलं असं समजायचं. आचार्यांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि त्याचा त्यांना पुढे कित्येक वर्षं अभिमान वाटला.

दरोडेखोर पुन्हा आले नाहीत. फडकं मात्र घडी घालून कोनाड्यात ठेवलेलं होतं, आणि हाताशी असलेली वस्तू माणूस वापरतो. पहिल्यांदा ते भांडणाऱ्या दोन विद्यार्थ्यांसाठी बांधलं. मग आंबे चोरणाऱ्यासाठी. मग शिक्षकाला उलट बोलणाऱ्यासाठी. शिक्षकांना ते फार सोयीचं पडलं. ज्या पोराशी अर्धा दिवस बोलत बसावं लागलं असतं, त्याचं काम वीतभर कापडात होऊ लागलं. आचार्यांना हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं पुढे त्यांनी कधी म्हटलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगता येईल.

त्या पाठशाळेत निळू नावाचा एक विद्यार्थी होता. अठरा वर्षांचा, गणितात तल्लख, बोलायला मऊ. त्या वर्षी त्याची झोप गेली. का गेली, ते कुणाला सांगता येणार नाही. घरी कुणी वारलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं, परीक्षा लांब होती. ताप येतो तसं ते आलं. पहिल्या आठवड्यात तो नुसता जागा राहिला. दुसऱ्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून पुटपुटू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याने पाठशाळेच्या ओसरीवरच्या रांजणांचं पाणी प्यायचं सोडलं आणि ओंजळीने नदीचं पिऊ लागला. पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय, असं तो म्हणे.

त्याच्या खोलीत दौलत नावाचा दुसरा विद्यार्थी राहत होता. दौलतचं तोंड फटकळ होतं, पण डोळे उघडे होते. तो गणिताच्या गुरुजींकडे गेला. ते म्हणाले, हुशार पोरांचं असंच असतं. तो व्याकरणाच्या गुरुजींकडे गेला. ते म्हणाले, त्याला पहाटे गार पाण्याने आंघोळ करायला सांग. तो ज्योतिष शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांकडे गेला. त्यांनी निळूची रास विचारली आणि दोन महिन्यांनी बरं वाटेल असं सांगितलं. शेवटी तो थेट आचार्यांच्या दारात गेला. दारावरचा सेवक म्हणाला, "आचार्य ग्रंथात आहेत. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ सुटला. लहान मुलं आपापले पेले घेऊन नेहमीसारखी रांजणांकडे धावली. निळू खांबाशी उभा होता. पाण्यात विष आहे याची त्याला खात्री होती, आणि सात-आठ वर्षांची पोरं ते पाणी प्यायला निघाली होती. तुम्हाला तशी खात्री असती तर तुम्ही काय केलं असतं? त्याने स्वयंपाकघरातून वरवंटा उचलला आणि तिन्ही रांजण फोडले. "पिऊ नका," तो ओरडत होता, "यात विष आहे, पिऊ नका." शास्त्रीबुवांनी मागून येऊन त्याची मान धरली. निळूने त्यांना झटकलं. ओसरीभर पाणी झालं होतं. शास्त्रीबुवा घसरले, हातावर पडले आणि मनगट मोडलं.

आचार्य तेव्हा आत बसले होते. त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, नगरातले व्यापारी त्यांचा सत्कार करणार होते, आणि मांडव कुठे घालायचा याची बोलणी चालली होती. आरडाओरडा ऐकून त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"निळू," सेवक म्हणाला. "रांजण फोडले. शास्त्रीबुवांना पाडलं."

"फडकं बांधा," आचार्य म्हणाले.

ते उठले नाहीत. बाहेर पाच पावलांवर ओसरी होती. मांडवाचं बोलणं पुरं करून ते बाहेर आले तेव्हा शिपाई निळूला घेऊन गेलेही होते, आणि कुणीतरी खापऱ्या झाडत होतं.

दुपारी दौलत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. नमस्कार केला नाही.

"गुरुजी, निळू तीन आठवडे झोपलेला नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुमच्यापर्यंत यायला तीन पायऱ्या आहेत. तिन्ही चढलो. एकीवर हुशारी मिळाली, एकीवर गार पाणी, एकीवर रास. काल चौथीवर आलो, तर तुम्ही ग्रंथात होतात."

"तू बाहेरूनच हाक मारायची होतीस."

"आज त्याने मारली की हाक. कशी ऐकलीत ते बघितलं आम्ही."

आपल्याशी असं बोललेलं आचार्यांनी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. मग त्यांनी पायांत वहाणा घातल्या, आणि दौलतला घेऊन कोतवालीत गेले.

कोतवाल त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने उठून पाट दिला, पाया पडला, दूध मागवलं.

"दूध राहू दे," आचार्य म्हणाले. "मुलाला सोड. माझी चूक झाली. फडकं बांधायला नको होतं."

"गुरुजी, माघार चालत नाही."

"अरे, पण मीच सांगतोय."

"बांधणाऱ्याने माघार घेतली तर ती धाकाने घेतली समजावी. तुमचंच अक्षर आहे. भिंतीला लावून ठेवलंय, बघा." कोतवाल हे चेष्टेने म्हणत नव्हता. "तुम्हीच शिकवलंत, गुरुजी. नेमात स्वतःचं शहाणपण चालवायचं नाही. फडकं दिसलं, मी धरलं. आता अमावास्येला सगळे कैदी किल्ल्यावर जातील, त्यांच्याबरोबर तोही जाईल."

किल्ल्यावर जाणं म्हणजे काय, ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. किल्ल्यावर मनगटाला डाग देत. डाग असलेल्या माणसाला त्या प्रांतात कुठलीही पाठशाळा घेत नसे, कुणी कामाला ठेवत नसे, आणि सोयरीक तर विसरायचीच. अमावास्येला तेरा दिवस होते.

"निदान वैद्यांना तरी आत येऊ दे," दौलत म्हणाला. "तो आजारी आहे."

"वैद्य आजाऱ्याला असतो," कोतवाल म्हणाला. "हा आरोपी आहे."

"दोन्ही एकाच वेळी असता येत नाही का?"

"माझ्या वहीत तसा रकाना नाही."

त्यांना निळूला गजांतून भेटू दिलं. तो कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसला होता. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. त्याने आचार्यांना ओळखलं आणि गजांपाशी आला.

"गुरुजी," त्याने विचारलं, "लहान मुलांनी ते पाणी प्यायलं नाही ना?"

आचार्यांना चारी वेद येत होते. उत्तर मात्र दौलतने दिलं. "नाही," तो म्हणाला. "एकानेही नाही प्यायलं, निळ्या. तू वेळेवर फोडलेस." तेव्हा निळू परत कोपऱ्यात जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर आचार्य म्हणाले, "प्रांताचे न्यायाधीश फिरतीवर आहेत. त्यांना पत्र लिहितो."

पत्र गेलं. सहा दिवसांनी उत्तर आलं, तेही कारकुनाचं: फडक्याच्या प्रकरणी माघार ग्राह्य नाही. सत्कारास न्यायाधीश महाराज येत आहेतच, तेव्हा भेट होईल, कळावे.

सत्कार अकराव्या दिवशी होता. दौलतला वाटलं, आचार्य आता तो रद्द करतील. त्यांनी रद्द केला नाही. उलट मांडव मोठा घाला म्हणून निरोप पाठवला. आदल्या दिवशी दौलत पुन्हा त्यांच्या खोलीत गेला. आचार्य स्वतःचं धोतर नीट चुणत होते.

"छान," दौलत म्हणाला. "शाल कोणत्या रंगाची आहे, गुरुजी? कोतवालीतल्या घोंगडीला शोभेल अशी घ्या."

"तू उद्या पुढच्या ओळीत बस."

"मी येणार नाही."

"ये," आचार्य म्हणाले. "मला तू तिथे लागशील."

का लागेल, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हाताऱ्यांना काही गोष्टी पोटात ठेवायची खोड असते आणि ती त्यांना गांभीर्य वाटते. दौलत रात्रभर त्यांना शिव्या देत राहिला आणि सकाळी जाऊन पुढच्या ओळीत बसला.

मांडव भरला होता. मधोमध न्यायाधीश, त्यांच्या उजवीकडे कोतवाल, डावीकडे धान्याचा मोठा व्यापारी. या व्यापाऱ्याने फुटलेल्या रांजणांच्या जागी तीन नवे दिले होते, आणि तिन्हींवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. तो बोलायला उठला आणि बराच वेळ बोलला. आचार्यांच्या पाठशाळेची शिस्त, आचार्यांचा दरारा, आचार्यांच्या फडक्याचा नेम सबंध प्रांताने कसा उचलावा, वगैरे. मोडक्या हाताला झोळी बांधलेले शास्त्रीबुवा मान हलवत होते. दौलत जमिनीकडे बघत होता.

हार घातला. शाल घातली. आचार्य दोन शब्द बोलायला उठले.

ते बोलले नाहीत. गळ्यात हार तसाच ठेवून, काठी टेकत ते ओसरीकडे गेले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला तहान लागली. आचार्यांनी दोन्ही हातांनी काठी उगारली आणि पहिला रांजण फोडला.

"पिऊ नका," ते ओरडले. "यात विष आहे."

मग दुसरा फोडला. पाणी मांडवात आलं, न्यायाधीशांच्या गालिचाखाली शिरलं. व्यापारी धावला आणि त्याने आचार्यांना खांद्याला धरलं. आचार्यांनी त्याला ढकललं. पांढऱ्या शुभ्र अंगरख्यातला तो गृहस्थ चिखलात बसला. आचार्यांनी तिसरा रांजण फोडला.

आणि मग काय झालं, ते नीट बघा. व्यापारी चिखलात बसूनच म्हणाला, "मला काही नाही झालं, आधी आचार्यांना सांभाळा." कुणी म्हणालं, ऊन लागलं असेल. कुणी म्हणालं, सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. बायकांपैकी एकीने पंखा आणला. शास्त्रीबुवा एका हाताने बसायला आसन टाकू लागले. लहान मुलांना मागे नेलं, पण ओरडून नाही. हलक्या आवाजात, भिऊ नका, आजोबांना बरं नाहीये, असं सांगत. आणि कोतवाल, तो नेमाचा पक्का कोतवाल, खाली वाकून आचार्यांच्या पायांजवळच्या खापऱ्या स्वतःच्या हाताने वेचत होता, त्यांच्या तळव्याला लागू नयेत म्हणून. वेचता वेचता तो ओरडला, "वैद्यांना बोलवा रे कुणीतरी."

वैद्य दुसऱ्याच ओळीत बसले होते. ते आले, त्यांनी नाडी धरली.

"कशी आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा बरी आहे," वैद्य म्हणाले.

आचार्यांनी हात सोडवून घेतला. "दौलत," ते म्हणाले, "कोनाड्यातलं फडकं आण."

दौलत उठला. आता त्याला समजू लागलं होतं, पण चेहऱ्यावर त्याने काही दाखवलं नाही. त्याने फडकं आणून दिलं. आचार्यांनी ते दरवाजातल्या उंच काठीवर बांधलं, गाठ ओढून बघितली, आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

"कोतवाल, फडकं बांधलंय. मी बोट दाखवलंय. धर."

कोतवाल उभा राहिला. हातात खापऱ्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात ते त्याला कळेना.

"गुरुजी, तुम्ही बसा. तुम्हाला बरं नाही."

"कशावरून?"

"असं शहाणा माणूस करतो का?"

"हे वाक्य," आचार्य म्हणाले, "अकरा दिवसांपूर्वी तुझ्याजवळ होतं की नव्हतं?"

आचार्य वळले, आणि पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदाच, श्लोक न म्हणता बोलले.

"मी रांजण फोडले. त्यानेही तितकेच फोडले. मी एका माणसाला पाडलं, त्याने एकाला पाडलं. मी जे ओरडलो ते त्याचेच शब्द होते, मी पाठ केले होते. फरक एवढाच की मी ते खोटं बोललो आणि त्याला ते खरं वाटत होतं. मी ओरडलो तेव्हा तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत. तो ओरडला तेव्हा तुम्ही रांजणाकडे बघितलंत. पांढरी दाढी बिघडली की वैद्य, काळी मिसरूड बिघडली की शिपाई. आणि मला सांगता, नेमाला डोळे नसतात? आज त्या नेमाला चांगले दोन डोळे होते. तुम्ही ते माझ्यासाठी उघडलेत आणि त्याच्यासाठी मिटून घेतलेत."

"आणि माझं मनगट?" शास्त्रीबुवा म्हणाले. आवाज चिडका होता, पण प्रश्न खोटा नव्हता. "ते काय आपोआप मोडलं?"

"तुमचं मनगट मोडलं, शास्त्रीबुवा. दुखतंय हेही मला ठाऊक आहे. ते बांधायला तुम्ही त्याच दिवशी या वैद्यांना बोलावलंत आणि योग्य केलंत. ते पाठशाळेत आलेच होते. ओसरी ओलांडून त्याच्याकडे गेले असते तर तुमचं मनगट काही जास्त मोडणार नव्हतं." आचार्यांनी ओसरीकडे बोट दाखवलं. "पण तुम्ही निदान ओसरीवर होतात. मान धरलीत, ते चुकलंच, पण जवळ तरी गेलात. मी पाच पावलांवर बसून होतो. मी मांडव कुठे घालायचा ते ठरवत होतो. हाच मांडव."

असं म्हणून त्यांनी दोन्ही हात जोडून मनगटं कोतवालापुढे केली. "आता ने. नाहीतर सांग की नेम मोडलास."

कोतवालाने न्यायाधीशांकडे बघितलं. न्यायाधीशांचे पाय ओले झाले होते आणि चेहरा आंबट. त्यांना हा माणूस आवडला नव्हता हे दिसत होतं. पण ते न्यायाधीश होते, आणि तीनशे माणसं बघत होती.

"कोतवाल," ते म्हणाले, "तुझ्यासमोर फडकं आहे. यांना धरतोस का?"

"नाही, महाराज."

"का?"

"मला... धरवत नाही."

"मग नेम आजपासून संपला. ज्या नेमात एकाला धरवतं आणि एकाला धरवत नाही, त्यावर मी कुणाला किल्ल्यावर पाठवणार नाही. त्या मुलाला वैद्यांच्या हवाली करा." मग आचार्यांकडे न बघता म्हणाले, "आणि या रांजणांची किंमत कुणीतरी भरून द्या."

दौलत त्याआधीच दरवाजातून बाहेर पडला होता.

यापुढचं लोक फार गोड करून सांगतात. म्हणजे आचार्य कसे थोर, त्यांनी शिष्यासाठी मानापमान कसा सोडला, वगैरे. व्यापाऱ्यांनी त्यांना महिन्याभरात गादीवरून उतरवलं, ते खरं आहे. भर सत्कारात सोंग केलं, देणगीदाराला चिखलात बसवलं, असा माणूस पाठशाळेवर नको, असं ठरलं. आचार्य गाठोडं घेऊन वैद्यांच्या अंगणातल्या खोलीत राहायला गेले. निळू तिथेच होता.

तिथे त्यांनी एक काम केलं, ते मात्र सांगण्यासारखं आहे. निळू अजून कुणाच्या हातचं पाणी पीत नव्हता. वैद्यांनी झोपेचं औषध दिलं होतं, पण ते घ्यायलाही पाणी लागतं. आचार्य रोज सकाळी त्याच्यासमोर नदीवर जात, त्याच्यासमोर कळशी भरत, त्याच्यासमोर पाणी उकळत, आणि आधी स्वतः पीत. मग बसून राहत. विष नाही, असं ते त्याला एकदाही म्हणाले नाहीत. वैद्यांनी सांगून ठेवलं होतं की वाद घालायचा नाही. भीती वाद घालून जात नाही, सोबतीने थोडी थोडी कमी होते. कधी निळू दुपारी प्यायचा, कधी संध्याकाळी. अकराव्या की बाराव्या दिवशी त्याने आचार्यांच्या हातातून पेला घेतला. त्या रात्री तो चार तास झोपला. नंतर पाच. मग पुन्हा एकदा दोन आठवडे काहीच नाही. मग सहा.

दौलतने पाठशाळा सोडली. जायच्या आधी तो अंगणात आला. आचार्य चुलीशी फुंकणी घेऊन बसले होते, डोळ्यांत धूर गेला होता.

"तू का सोडतोस?" त्यांनी विचारलं. "नेम तर गेला."

"फडकं गेलं. ते तिघे शिक्षक तिथेच आहेत. गार पाणीही तिथेच आहे."

"मग तू तिथे असायला हवंस."

"तुम्ही पन्नास वर्षं होतात की."

आचार्यांनी फुंकणी खाली ठेवली. "माझ्यावर रागावला आहेस अजून."

"हो."

"मी जे केलं ते बघूनही?"

"गुरुजी, तुम्ही जे केलंत ते फार चांगलं केलंत. पण ते तुम्हाला करावं लागलं, कारण त्या दिवशी तुम्ही पाच पावलं चालला नाहीत. तुम्ही त्या दिवशी उठला असतात तर आज तुमची गोष्ट कुणी सांगितली नसती. निळू खोलीत झोपला असता आणि तुम्ही साधे आचार्य राहिला असतात. मला तो आचार्य हवा होता."

आचार्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. पाणी उकळायला लागलं होतं.

"राग जाऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "माझा फार लवकर गेला होता."

दौलत पाया पडला नाही. पण तो बसला, आणि पाणी निवेपर्यंत बसून राहिला.

तुमच्या शाळेतलं एखादं पोर उद्या काही फोडेल, तेव्हा कोतवालीचा नंबर शोधण्याआधी उठून पाच पावलं चालून बघा. म्हातारपणी काठी घेऊन रांजण फोडण्यापेक्षा ते सोपं आहे.

निळू वर्षभराने दुसऱ्या पाठशाळेत पुन्हा शिकायला बसला. कोतवालीत पहिल्याच दिवशी, पाणी पीत नाही म्हणून, एका शिपायाने त्याच्या कानाखाली वाजवली होती. डाव्या कानाने त्याला पुन्हा कधीच ऐकू आलं नाही.